दुकानदार वडिलांच्या आठवणी लिहिताना

वर्षश्राद्धाला वाटायची पुस्तिका विशेषणांनी सुरू करू नका. ‘प्रेमळ, कष्टाळू’ कुणाच्याही वडिलांना लागू पडतं. आधी दुकानाचे कागद काढा. जुना गुमास्ता परवाना, म्हणजे १९४८च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली झालेली दुकानाची नोंदणी, सापडला तर पत्ता आणि वर्ष पक्कं होतं. मग रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, आणि उधारीची खतावणी, म्हणजे गिऱ्हाईकवार खात्यांची वही, सावकाश वाचा. आमच्या अण्णांच्या किराणा दुकानाच्या खतावणीत १९७२च्या दुष्काळातली ज्वारीची उधारी पानंच्या पानं आहे आणि जमेची बाजू कोरी. घरी ते याबद्दल कधी बोलले नाहीत. उधारीवाल्यांची नावं मात्र छापू नका. अण्णांना ते मुळीच चाललं नसतं.

हमाल, आडते, शेजारचे दुकानदार यांना भेटा. ‘कसे होते?’ असं विचारू नका. ‘दुपारचा डबा कुणासोबत खायचे? भाव पडला की काय करायचे?’ असं विचारा.

आईला समोर बसवून मुलाखत घेऊ नका. तिच्यासोबत भाजी निवडायला बसा, तिला सांगून फोनवर रेकॉर्डिंग लावा. गल्ला मोजून झाल्यावर अण्णा आमचे पाढे घ्यायचे, हे तिनेच आठवून सांगितलं.

छापण्याआधी तारखा आत्याकडून तपासून घ्या.