कापसाचा हंगाम सांभाळून कादंबरी

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात सहा एकर कोरडवाहू शेती, दोन मुले आणि सासूबाई असा संसार करीत मी माझी पहिली कादंबरी पूर्ण केली. तिला चार वर्षे लागली. लिहू पाहणाऱ्या आणि घर सोडता न येणाऱ्या माणसांसाठी, विशेषतः बायकांसाठी, हा अनुभव लिहीत आहे.

पहिला हंगाम मी वाया घालवला, कारण रोज ठरावीक वेळी लिहायचेच, असा नेम मी शहरात राहणाऱ्यांच्या सल्ल्यावरून धरला होता. जूनमध्ये मृग लागला की पेरणी, पुढे निंदण आणि डवरणी, दसऱ्यापासून जानेवारीपर्यंत कापसाची वेचणी, त्यातच तुरीची कापणी. या महिन्यांत नेम मोडत असे आणि मोडला की मी आठ-आठ दिवस खिन्न असे. शेवटी मी लेखनाचे वर्ष शेतीच्या वर्षाला जोडून घेतले. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांतून लग्ने, पाहुणे आणि मुलांच्या परीक्षा वजा केल्या, तरी शंभर दिवस हाती राहतात. दिवसाला ३०० शब्द धरले, तर एका उन्हाळ्यात ३०,००० आणि दोन उन्हाळ्यांत ६०,००० शब्दांचा कच्चा खर्डा होतो. पहाटे चार ते साडेपाच ही माझी वेळ होती. त्यानंतर आमच्याकडे मे महिन्यात उन्हामुळे डोके चालत नाही. पुढचे दोन उन्हाळे पुनर्लेखनात गेले.

हंगामातले महिने मात्र रिकामे जात नाहीत. वेचणीला आलेल्या बायका ओळीने पुढे सरकत बोलत असतात, आणि कादंबरीतले संवाद मला त्या ओळींतच सापडले. निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणे वऱ्हाडीत ठेवावे, हा निर्णय मी टेबलाशी बसून घेतला असता, तर ‘काऊन’ आणि ‘करून राहिला’ एवढ्यावरच माझी वऱ्हाडी संपली असती. त्या दिवसांत मी फक्त खिशात मावेल अशी वही बाळगते आणि रात्री त्यात चार ओळी टिपते, त्याहून अधिक काही करीत नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात माझ्याकडून एक चूक झाली, ती सांगणे मला आवश्यक वाटते. पुनर्लेखन रंगात आले होते आणि मी पहाटेबरोबरच दुपारीही दार लावून बसू लागले होते. शाळेच्या सेवाग्राम सहलीची चिठ्ठी मुलाच्या दप्तरात आठ दिवस पडून राहिली आणि पैसे भरण्याची मुदत टळली. त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “माय लिहून राहिली होती.” तक्रार नव्हती, त्याने फक्त कारण सांगितले, आणि म्हणूनच ते मला फार लागले. त्या दिवसापासून मी माजघराऐवजी ओसरीवर लिहिते. पहाटेचा दीड तास कोणी हाक मारायची नाही, हे घराने मान्य केले आहे; साडेपाचला, प्रसंग कितीही रंगलेला असो, पुढे काय येणार ते समासात दोन ओळींत लिहून मी वही मिटते, हे मी मान्य केले आहे.

पैशाविषयी थोडक्यात सांगते. पहिल्या कादंबरीच्या मानधनावर घर चालत नाही, आणि छापण्यासाठी तुरीचे पैसे मोडू नयेत. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देणारी योजना आहे, तिची आधी चौकशी करावी. प्रकाशकाशी करार लेखी असावा आणि हक्क किती काळासाठी देत आहोत ते त्यात स्पष्ट असावे. मुदत लिहिली नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती पाच वर्षे धरली जाते. सोबतीची गरज वाटली, तर विदर्भ साहित्य संघाच्या जवळच्या शाखेत जावे. हा संघ १९२३ साली अमरावतीत सुरू झाला.

सर्वांत अवघड प्रश्न वेळेचा नव्हता. घरातल्या माणसांच्या आयुष्याचे काय करायचे, हा होता. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून संध्याकाळी मी त्यांना खर्डा वाचून दाखवीत असे. एखादा संवाद खोटा वाटला की त्या लगेच थांबवीत, “असं कोनी बोलते काय?” त्यांच्या इतका नेमका संपादक मला पुढे भेटला नाही. सावकाराकडे गहाण टाकलेल्या दागिन्यांचा प्रसंग वाचला, तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “हे घरातलं हाय, गावाले कायले सांगाचं?” ती अकरा पाने कादंबरीतली सर्वांत चांगली पाने होती, असे मला आजही वाटते. मी ती काढली आणि त्यांच्याच पेटीत ठेवायला दिली.