आईबाबांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, मग मुलाचा कुठला?

बाबाचा निळा (भारतीय) पासपोर्ट जाऊन लाल (पोर्तुगीज) आला की पोराचाही आपोआप लाल होतो, असं गोव्यात पुष्कळजण धरून चालतात. उलट टोकाचेही भेटतात: मूल म्हापशात जन्मलं, दाखला इथल्या पालिकेचा, म्हणजे ते भारतीयच. दोन्ही समज धोक्याचे आहेत. आणि हे कळतं कधी, तर चवथीला गावी यायची तिकिटं काढून झाल्यावर.

तेव्हा एजंटकडे जाण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर तारखा लिहा. मुलाचा जन्म कधी आणि कुठे झाला. आईला आणि बाबांना परदेशी नागरिकत्व किंवा पासपोर्ट कधी मिळाला. दोघांची तारीख वेगवेगळी लिहा. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी मुलाची जन्मनोंद लिस्बनला केली असेल तर तीही तारीख. निम्मं उत्तर या कागदातच सापडतं.

आता जन्मतारीख बघा. मूल 3 डिसेंबर 2004 रोजी किंवा त्यानंतर भारतात जन्मलं असेल, तर जन्माच्या वेळी आईबाप दोघे भारतीय हवेत. किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. समजा, मूल 2012 मध्ये फोंड्याला जन्मलं आणि बाबांनी पोर्तुगीज पासपोर्ट 2015 मध्ये घेतला. मूल जन्माने भारतीय. पण जन्माआधीच दोघांनी परदेशी नागरिकत्व घेतलेलं असेल, तर ते इथल्या हॉस्पिटलात जन्मलं तरी भारतीय नाही. जन्मदाखला जन्म कुठे झाला ते सांगतो, नागरिकत्व नव्हे. मूल परदेशात जन्मलं आणि आई किंवा बाबा भारतीय असतील, तर भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत नोंद करा आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्या. ही मुदत चुकवू नका.

सगळ्यात जास्त गोंधळ पुढे आहे, म्हणून इथे जरा थांबतो. नागरिकत्व कायदा 1955 मध्ये भारतीय नागरिकत्व जाण्याच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. कलम 9: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, आणि परदेशी पासपोर्ट हा त्याचा निर्णायक पुरावा धरतात. हे ज्याने घेतलं त्याच्यापुरतं. या कलमात मुलांचा उल्लेख नाही. कलम 8: आपण घोषणापत्र भरून नागरिकत्व सोडतो. ती घोषणा नोंदली गेली की त्या व्यक्तीच्या अल्पवयीन मुलांचंही भारतीय नागरिकत्व जातं. एकच सवलत आहे: मूल सज्ञान झाल्यावर एका वर्षाच्या आत घोषणा करून ते परत मिळवू शकतं. त्यामुळे हातातला फॉर्म नुसता पासपोर्ट जमा करण्याचा आहे की नागरिकत्व सोडण्याचा, ते सही करण्याआधी वाचा. एजंट म्हणेल, ‘दोन्ही एकच हो.’ ऐकू नका.

मुलालाही परदेशी नागरिकत्व हवं असेल, तर बहुतेक देशांत ते वेगळं मागावं लागतं. आपल्याकडचा नेहमीचा मार्ग लिस्बनच्या नोंदीचा: पोर्तुगीज राजवटीत, म्हणजे 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्या आजीआजोबांची नोंद, मग आईची किंवा बाबांची, मग नातवाची. पोर्तुगालमध्ये राहून नंतर नागरिक झालेल्यांच्या मुलांचा प्रकार निराळा, त्यांच्यासाठी स्वतंत्र घोषणा करावी लागते. इंग्लंडातल्या स्विंडनला राहून ब्रिटिश झालेल्यांनाही हेच: बाबांच्या अर्जाने मूल ब्रिटिश होत नाही, त्याच्या नावाने वेगळा अर्ज लागतो. अमेरिकेत मात्र ग्रीन कार्डवर आईबाबांच्या ताब्यात राहणारं 18 वर्षांखालचं मूल, आई किंवा बाबा नागरिक झाल्याबरोबर आपोआप नागरिक होतं.

मुलाचा परदेशी पासपोर्ट आला की त्याचा निळा पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्या, मग ओसीआयचा, म्हणजे मूळच्या भारतीयांना व्हिसाशिवाय येण्या-राहण्याची मुभा देणाऱ्या कार्डाचा अर्ज करा. हा क्रम उलटा करू नका. ज्यांचा भारतीय पासपोर्ट रद्द झाल्यामुळे सरेंडर सर्टिफिकेट मिळत नव्हतं, त्यांच्यासाठी रद्दीकरणाचा आदेशही ओसीआयला चालेल, असं केंद्राने एप्रिल 2024 मध्ये कळवलं. गोव्यातल्या बऱ्याच घरांचा अडकलेला जीव त्यामुळे सुटला.

प्रवासात अडकतं ते असं. मूल निळ्या पासपोर्टवर दाबोळीला उतरतं, इथे असतानाच लाल पासपोर्ट येतो, आणि नव्या पासपोर्टवर व्हिसाच नसतो. मग परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाची परवानगी घेतल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. आणि परदेशी नागरिकत्व घेतल्यावर निळा पासपोर्ट वापरून ‘या वेळेपुरतं’ काढून नेऊ नका. तो गुन्हा आहे, वर दंड. ओसीआय काढलेल्या मुलाचा पासपोर्ट वयाच्या 20 वर्षांपर्यंत जेवढ्या वेळा बदलेल, तेवढ्या वेळा नवा पासपोर्ट आणि फोटो ऑनलाइन अपलोड करायचा. एकट्या आईबरोबर किंवा बाबांबरोबर मूल जात असेल, तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र जवळ ठेवा.

मूल भारतीयच राहिलं तरी बिघडत नाही. पोर्तुगीज बाबांबरोबर ते पोर्तुगाल सोडून युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात जात असेल, तर त्याला व्हिसा लागतो, पण फी पडत नाही. ब्रिटनला हे लागू नाही.

घाई करणाऱ्यांना मी एकच प्रश्न विचारतो: मूल कितवीत आहे? ओसीआयवाल्याला मत देता येत नाही, भाट किंवा कुळागर (नारळ-सुपारीची बागायती जमीन) विकत घेता येत नाही, वारसाने मात्र मिळू शकतं. आणि ज्याचं ओसीआय 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेनंतरचं आहे, त्याला नीट किंवा जेईईतून, केवळ भारतीयांसाठी राखलेल्या जागांवर हक्क सांगता येत नाही, एनआरआयच्या जागा उरतात. पोर बारावीत असेल आणि डोळे बांबोळीच्या मेडिकल कॉलेजवर असतील, तर लिस्बनचा कागद प्रवेश होईपर्यंत थांबवा.