कूलरच्या ताटीपासून कमाईपर्यंत: नागपुरातून मराठी ब्लॉग कसा चालवावा

मराठी ब्लॉगला पैसे मिळत नाहीत, ही तक्रार अर्धी खरी आहे. नुसत्या गूगलच्या जाहिरातींवर भिस्त ठेवली तर खरंच फार हाती लागत नाही. हिशेब करून पाहा. खात्यात १०० डॉलर साठल्याशिवाय गूगलची जाहिरात सेवा ॲडसेन्स बँकेत पैसे पाठवत नाही. समजा हजार वाचनांमागे ४० रुपये पडले, तर साडेआठ-नऊ हजार रुपये व्हायला सव्वादोन लाख वाचनं लागतात. नवा ब्लॉग पहिल्या वर्षात तिथवर क्वचित पोचतो. पण त्याच ब्लॉगवर महिन्याला तीनच हजार माणसं येत असतील, आणि ती सगळी नागपुरात कूलरचा मेकॅनिक, मुलासाठी मेस किंवा संत्र्याची कलमं शोधत असतील, तर इथला दुकानदार त्या तीन हजारांसाठी खिशात हात घालतो. तेव्हा नागपूरच्या माणसाचं कोणत्या महिन्यात काय अडतं ते ओळखायचं आणि दोन-तीन महिने आधी त्याचं पक्कं उत्तर लिहून ठेवायचं. बाकीची सगळी कामं यामागून येतात.

विषय आणि पंचांग

ताज्या बातम्या, सुविचार, सरकारी योजनांची यादी हे विषय सोडून द्या. तिथे मोठी वृत्तपत्रं आहेत आणि तुमचं पान त्यांच्या खाली गाडलं जाणार. एक वही घ्या आणि निवडलेल्या विषयावर लोक ओळखीच्या माणसाला फोन करून विचारतात असे ४० प्रश्न लिहा. पंचविशीच्या आत अडखळलात, तर एक तर विषय फार आखूड आहे किंवा तुमची त्यातली माहिती कमी आहे. दोन्हीपैकी काहीही असलं तरी विषय बदला.

मग प्रश्नांसमोर महिने टाका. मार्च उजाडला की कूलर. मे-जूनमध्ये प्रवेश, वसतिगृहं, मेस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, तेव्हा मिरवणूक कुठून निघते, कोणते रस्ते बंद असतात, लहान मुलांना घेऊन कुठे उभं राहावं. ताडोब्याच्या जंगलाचा गाभा (कोअर) १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, म्हणून ऑक्टोबरच्या सफारीची विचारणा पावसाळ्यातच सुरू होते. विजयादशमीला दीक्षाभूमीवर महाराष्ट्राबाहेरूनही माणसं येतात. त्यांना १४ ऑक्टोबर १९५६ चा इतिहास ठाऊक असतो. स्टेशनवरून कसं यायचं, रात्री कुठे थांबायचं, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह कुठे आहे, हे त्यांना हवं असतं आणि ते नीट लिहिलेलं फार कमी ठिकाणी सापडतं. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे, मृगाची फेब्रुवारी-मार्चात.

गूगलला नवं पान सापडून ते वर यायला वेळ लागतो. कूलरचा लेख मार्चमध्ये टाकलात तर तो वर येईपर्यंत पहिला पाऊस पडलेला असेल. तो डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत चढवा. दरवर्षी येणाऱ्या विषयाच्या पानाच्या पत्त्यात (URL) साल घालू नका. मारबतीचं एकच पान ठेवा आणि दर श्रावणात त्याच पानावर नवी तारीख, नवे रस्ते भरा. दरवर्षी वेगळं पान केलं की पाच वर्षांनी तुमचीच पाच पानं एकमेकांशी झगडत बसतात.

शोधणारा कोणत्या शब्दांनी शोधतो

इथे नागपूरकराला जन्मजात फायदा आहे. आपण कोथिंबिरीला सांबार म्हणतो, पुण्याच्या माणसाला सांबार म्हटलं की इडली आठवते. सांबारवडीची कृती लिहिताना मथळ्यात सांबारवडी ठेवा आणि पहिल्या दोन ओळींत कोथिंबीर व पुडाची वडी हे शब्द सहज येऊ द्या. ढेमसे, आलू, फल्लीदाणे यांचंही तसंच. बोलीतला शब्द वाचकाला आपलासा वाटतो आणि प्रमाण शब्दाने बाहेरचा वाचक येतो.

पुष्कळ मराठी माणसं मोबाइलवर रोमन अक्षरांत मराठी टाइप करतात, म्हणून पानाचा पत्ता रोमन लिपीत, तीन ते पाच शब्दांचा ठेवा. याला तांत्रिक कारणही आहे. देवनागरी पत्ता कॉपी केला की प्रत्येक अक्षरचिन्हाचे नऊ रोमन वर्ण होतात. ‘पोहे’ एवढ्याशा शब्दाची ३६ वर्णांची शेपटी बनते. व्हॉट्सॲपवर असली लांबलचक लिंक बघून माणूस ती फसवणुकीची समजतो आणि उघडत नाही.

शब्द शोधायला पैसे लागत नाहीत. गूगलच्या चौकटीत ‘नागपूर कूलर’ टाइप करून खाली येणाऱ्या सूचना उतरवा, मग तेच रोमनमध्ये आणि हिंदीत करा. गूगल ट्रेंड्सवर महाराष्ट्र निवडून मागची पाच वर्षं पाहिली की उसळी कोणत्या आठवड्यात येते ते दिसतं.

एक लेख, आतून

कूलरचंच उदाहरण घेऊ. ‘उन्हाळ्यासाठी उत्तम दहा कूलर’ असा लेख लिहू नका. तसे शेकडो आहेत आणि वाचक आता ते वाचतही नाही, कारण अशा प्रश्नाचं गोळाबेरीज उत्तर शोधयंत्र स्वतःच वर मांडून देतं. यंत्राला न देता येणारं उत्तर तुम्ही द्या, म्हणजे मोजलेलं, पाहिलेलं, फोटो काढलेलं.

पहिल्या परिच्छेदातच उपयोगाचा आकडा हवा. खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा आणि दोनने भागा, तेवढे सीएफएम (मिनिटाला तेवढे घनफूट) हवेचा कूलर पुरतो. १० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली असेल तर १२०० घनफूट, म्हणजे ६०० सीएफएम. मग ताटी, म्हणजे कूलरचं पॅड: लाकडी किसाची स्वस्त, पण हंगामागणिक बदलावी लागते, वाळ्याची सुवासिक, हनीकोंब महाग, पण काही हंगाम टिकते. बोअरचं पाणी असेल तर खार साचून पंप आणि ताटीची भोकं बुजतात. तो खार किती दिवसांत धरतो, याचे पहिल्या दिवशीचे आणि तिसाव्या दिवशीचे दोन फोटो शेजारी ठेवा. एवढ्याने तुमचा लेख इतरांहून वेगळा होतो.

पुढे तक्रारी घ्या. खिडकी बंद ठेवून कूलर लावला की दमट हवा आतच कोंडते, म्हणून हवा बाहेर जायला समोर फट हवी. जूनमध्ये कूलर गार हवा देत नाही, कारण बाहेरची हवाच ओली झालेली असते आणि पाण्याची वाफ होत नाही. यात कूलरचा दोष नाही, हे एका वाक्यात सांगितलं तर वाचकाचा मेकॅनिकचा खर्च वाचतो. आणि शॉकबद्दल ठळक अक्षरांत लिहा: लोखंडी कूलरला तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग हवंच, पाणी भरताना प्लग काढलेला हवा, घरात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असावी. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात. पैसे मिळोत न मिळोत, हा परिच्छेद गाळू नका.

असा लेख १००० ते १५०० शब्दांचा होतो. त्याच्या भोवती पाच-सहा छोटे लेख लिहा: पंप बदलणे, ताटी कुठे मिळते, हंगाम संपल्यावर कूलर कसा ठेवावा. सगळे एकमेकांना जोडा. आठवड्याला असे दोन लेख पुरेत. रोज एक पातळ लेख टाकणाऱ्यांचे ब्लॉग लवकर मरतात. मार्च २०२४ मध्ये गूगलने घाऊक प्रमाणात बनवलेल्या मजकुराविरुद्ध वेगळा नियमच आणला. तो माणसाने लिहिला की यंत्राने, हा प्रश्न त्यात गौण आहे.

घर बांधणी

खर्च फार नाही. डोमेनला (साइटच्या नावाला) वर्षाला साधारण ८०० ते १२०० रुपये, साध्या होस्टिंगला (साइट ठेवायच्या जागेला) ३ ते ५ हजार. तेही जड जात असेल तर गूगलची ब्लॉगर ही सेवा फुकट आहे, फक्त स्वतःचं डोमेन त्याला जोडा. होस्टिंगची पहिल्या वर्षाची किंमत आमिषाची असते, म्हणून नूतनीकरणाचा दर वाचूनच पैसे भरा. डोमेन स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नावावर घ्या. वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर राहिलेलं डोमेन पुढे भांडणाशिवाय हाती येत नाही.

देवनागरीची काळजी वेगळी घ्यावी लागते. मुक्त (Mukta) किंवा नोटो सान्स देवनागरी हे फाँट चालतील, पण जाडीचे दोनच प्रकार लोड करा, कारण देवनागरी फाँटच्या फाइली जड असतात. अक्षर १८ पिक्सेलचं, ओळींमधलं अंतर १.७ पट ठेवा. इंग्रजी थीममध्ये ते कमी असतं आणि रफार, वेलांट्या वरच्या ओळीत घुसतात. अक्षरांमधलं अंतर शून्यच हवं. थीमने ते वाढवलं असेल तर शिरोरेषा तुटते आणि शब्द फाटलेला दिसतो. सेटिंगमध्ये भाषा मराठी निवडा, म्हणजे काही फाँटांत ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. जुन्या डीटीपीच्या फाँटमधला मजकूर आहे तसा चिकटवू नका. युनिकोडमध्ये बदला आणि नंतर प्रत्येक जोडाक्षर डोळ्यांखालून घाला.

फोटो स्वतःचे, वेबपी स्वरूपात, मुख्य फोटो किमान १२०० पिक्सेल रुंद, कारण गूगल डिस्कव्हरमध्ये (मोबाइलवर गूगल आपणहून लेख सुचवतं तिथे) मोठं चित्र दिसायला एवढी रुंदी लागते. मुख्य मजकूर मोबाइलवर अडीच सेकंदांत दिसायला हवा. इंटरनेटवरून उचललेला फोटो एक दिवस नोटीस घेऊन येतो.

पैसा

पहिले तीन महिने जाहिरात लावूच नका. २५-३० पक्के लेख झाले, संपर्क आणि गोपनीयता धोरणाची पानं झाली, की ॲडसेन्सला अर्ज करा. २०१८ पासून तिथे मराठी चालते. ‘लो व्हॅल्यू कंटेंट’ म्हणून नकार आला तर लगेच पुन्हा अर्ज करू नका. पातळ लेख काढा किंवा जोडा, रिकामे वर्ग पुसा, मग करा. १० डॉलर झाले की पत्त्याच्या पडताळणीचा पिन टपालाने येतो. पत्ता आधारवर आहे तसा, घरक्रमांक आणि पिनकोडसह लिहा. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात.

स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः क्लिक करणं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘एकेक क्लिक करा’ म्हणून सांगणं, या दोन गोष्टींनी खाती कायमची बंद होतात. मावशीने प्रेमापोटी केलेले वीस क्लिकही गूगलला फसवणूकच वाटतात, तेव्हा घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

ॲमेझॉनच्या संलग्न विक्रीत (तुमच्या दुव्यावरून झालेल्या विक्रीवर दलाली मिळते त्यात) १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. म्हणून सामील व्हायचं ते हंगामाच्या तोंडाशी, म्हणजे कूलरच्या पंपासाठी फेब्रुवारीच्या शेवटी. ऑगस्टमध्ये घेतलेलं खातं फेब्रुवारीत रिकामं संपतं.

खरी कमाई गावातली आहे. एका विषयाला महिन्याला हजारभर वाचक झाले की सर्च कन्सोलच्या (शोधातून किती माणसं आली ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनाच्या) आलेखाचा प्रिंट घ्या आणि सीताबर्डी, इतवारी, महालातल्या त्या धंद्याच्या दुकानांत स्वतः जा. मालकाला वाचनांचा आकडा समजत नाही, फोन वाजलेला समजतो. म्हणून पहिला महिना फुकट द्या आणि त्या जाहिरातीसाठी वेगळा व्हॉट्सॲप दुवा ठेवा, ज्यातून येणारा निरोप ‘ब्लॉगवरून’ या शब्दाने सुरू होईल. महिनाअखेर असे निरोप त्यालाच मोजू द्या. मग महिन्याला हजार-दीड हजार मागा, हंगामाचे तीन महिने आगाऊ. एका लेखावर एकच जाहिरातदार. पाच जणांना जागा दिलीत तर पाचही नाराज होतात.

पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन लिहिलेल्या लेखावर सुरुवातीलाच ‘जाहिरात’ असं लिहा आणि दुव्याला गूगलसाठी स्पॉन्सर्डची खूण (rel="sponsored") लावा. पैसे घेतल्याचं उघड सांगा, हेच केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाची जानेवारी २०२३ ची मार्गदर्शक सूचना सांगते. ज्याची ताटी दोन महिन्यांत गळते त्याची जाहिरात नाकारा. नागपुरात लोक एकमेकांना विचारून खरेदी करतात, आणि त्यांना ती ताटी तुमच्या नावानिशी आठवते.

मिळालेला प्रत्येक रुपया तारखेसह वहीत लिहा, परदेशी रक्कम जमा झाल्याची बँकेची कागदं जपा. ही मिळकत धंद्याच्या उत्पन्नात धरली जाते आणि सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी लागते. परदेशातून येणाऱ्या रकमेचे नियम वेगळे आहेत, ते सीएला विचारा.

आठव्या महिन्यात

वाचक वाढत नसतील तर नवे लेख थांबवा आणि सर्च कन्सोलमध्ये सरासरी ८ ते २० क्रमांकावर अडकलेले शब्द काढा. तिथे कष्ट सर्वांत लवकर फळतात. त्या पानाचा मथळा वाचकाच्या शब्दांत करा, पहिल्या परिच्छेदात उत्तर आणा, एक नवा फोटो टाका, स्वतःच्या दुसऱ्या तीन लेखांतून त्या पानाला दुवे द्या, आणि सहा आठवडे हात लावू नका. शोधात दिसणं भरपूर पण क्लिक नगण्य असेल, तर मथळा कच्चा आहे. दिसणंच नसेल, तर बहुधा तो प्रश्न कोणी विचारत नाही. तो लेख शेजारच्या लेखात मिसळा आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळण (रीडायरेक्ट) लावायला विसरू नका.