शाळेतल्या मुलांनी मासेमारीच्या वारशाचं प्रदर्शन कसं उभारावं

वस्तू गोळा करायला धावण्याआधी एक प्रश्न ठरवा. ‘आपल्याकडची मासेमारी’ हा विषय फार पसरट होतो. ‘नायलॉन आल्यावर जाळी विणणाऱ्यांचं काम कसं बदललं?’ हा प्रश्न मुलांना झेपतो. नायलॉनची जाळी १९५०च्या दशकापासून पसरली. त्याआधीची सुती जाळी पाण्यात कुजत, म्हणून ती अनेक ठिकाणी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवत. हे काम स्वतः केलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत, तेव्हा पहिल्यांदा मुलाखती उरकून घ्या.

मुलाखतीला तिघांनी जावं. एकाने विचारावं, एकाने चित्रण करावं, तिसऱ्याने फक्त हातांकडे बघून टिपणं काढावीत. चित्रणाची परवानगी आधी लेखी घ्या. ‘आठवणी सांगा’ म्हटलं की मोठी माणसं संकोचतात. त्यापेक्षा फाटकं जाळं पुढे ठेवून ‘हे कुठून शिवायला घ्यायचं?’ असं विचारा. हात चालू लागले की बोलणं आपसूक येतं. सुईवर दोरा कसा भरतात, प्रत्येक आस (जाळ्याचं भोक) सारखा यावा म्हणून पट्टीवर दोरा कसा ओढून गाठ मारतात, हे अगदी जवळून टिपा. माझ्या मते प्रदर्शनाचा जीव या चित्रणातच आहे.

वस्तू उसन्या घ्या आणि पावती द्या: क्रमांक, मालकाचं नाव, तारीख, आजची अवस्था, फोटो. क्रमांकाची चिठ्ठी दोऱ्याने बांधा. वस्तूवर स्टिकर लावू नका. जुनं जाळं धुऊन चकाचक करण्याचा मोह टाळा, कारण डांबराचे डाग आणि ठिगळं हाच तर पुरावा. सुती जाळ्यात कीड दिसली तर ते कोरडं असताना पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवतात. जाळं खिळ्याला अडकवू नका, जाड गोल नळीवरून सोडा म्हणजे वजन विभागलं जातं. जुन्या सुतासाठी संग्रहालयं उजेड साधारण ५० लक्सवर (लक्स हे उजेडाचं माप), म्हणजे मंद ठेवतात. तुम्ही निदान खिडकीपासून लांब मांडा. गळांची टोकं बुचात खोचा. शिशाची वजनं मुलांच्या हाती देऊ नका.

माहितीफलक मुलांनीच लिहावेत, चाळीस-पन्नास शब्दांत. छापण्याआधी ते वस्तूच्या मालकाला वाचून दाखवा आणि तो सुचवेल ती दुरुस्ती करा. एका टेबलावर नवी सुई आणि दोरा ठेवा, पाहुण्यांना गाठ मारून बघू दे.

प्रदर्शन संपल्यावर प्रत्येक वस्तू पावती आणि फोटोशी ताडून परत करा, सोबत मुलाखतीची प्रतही त्या घरी द्या.