फोटो पाठवणं बंद केलं आणि वस्तू ओळखू यायला लागली

वायरलेस कॅमेरा नोड, म्हणजे कॅमेरा, छोटा प्रोसेसर आणि रेडिओ असलेली उपकरणं, वस्तू टिपायचे, पण चित्रं गोळा करणाऱ्या बेस स्टेशनवर ती ओळखेपर्यंत वस्तू केव्हाच निघून गेलेली असायची. कारण उघड होतं. ६४० × ४८० चं कृष्णधवल चित्र म्हणजे ३,०७,२०० बाइट. नोडवरच्या ८०२.१५.४ (कमी विजेवर चालणाऱ्या वायरलेसचं मानक) रेडिओचा वेग कागदावर २५० किलोबिट प्रति सेकंद आणि एका फ्रेमची, म्हणजे एका खेपेत जाणाऱ्या डेटा-पाकिटाची, मर्यादा १२७ बाइट. एक चित्र जायलाच दहा सेकंद, तेही सगळं सुरळीत चाललं तर! जेपेगची गुणवत्ता उतरवून पाहिली. आकार घटला, पण बारीक पोतही पुसला गेला आणि ओळख डळमळली.

मग नोडवरच ओआरबी (ORB) ही हलकी पद्धत चालवून चित्रातले सहज ओळखू येणारे ठळक बिंदू काढले. एका बिंदूचं वर्णन ३२ बाइटांत बसतं. याच कामाच्या सिफ्ट (SIFT) या जड पद्धतीचं गणित त्या चिमुकल्या प्रोसेसरला झेपलं नसतं. दोनशे बिंदू, त्यांच्या जागांसकट, साडेसात हजार बाइटांच्या आत.

खरी डोकेदुखी पुढेच. मागच्या भिंतीतले विटांचे सांधे सगळे सारखेच, त्यामुळे दोन चित्रांतले बिंदू जुळवताना खोट्या जुळण्यांचा नुसता पाऊस. म्हणून स्थिर पार्श्वभूमी वजा केली आणि फक्त हललेल्या भागातले बिंदू घेतले. बेस स्टेशनवर सर्वांत जवळची जुळणी दुसरीपेक्षा ठळकपणे सरस नसेल तर ती सरळ टाकून दिली आणि उरलेल्यांची भूमिती रॅनसॅकने (RANSAC, बाकीच्यांशी न बसणाऱ्या जुळण्या गाळणारी पद्धत) तपासली. इथेच निकाल सुधारला.

दोन कॅमेऱ्यांच्या नजरेत फारच मोठा कोन असला, की अजूनही गडबड होते. तिथे मधोमध आणखी एक नोड बसवला.