डेस्कटॉप गावाकडेच राहू द्या
(विदर्भात नव्याने रुजू होणाऱ्या मंडळींसाठी)

सांगली-साताऱ्याकडून इकडे शिक्षक, ग्रामसेवक, नर्स म्हणून रुजू होणारी मुलंमुली भेटली की एक प्रश्न हमखास विचारतात: "सर, घरचा कॉम्प्युटर घेऊन येऊ का?" मी सोळा वर्षांपूर्वी तासगावहून यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात आलो तेव्हा डेस्कटॉप घेऊनच आलो होतो. कॅबिनेट रजईत गुंडाळलेलं आणि मॉनिटर रात्रभर एसटीत मांडीवर. म्हणून अनुभवानं सांगतो, आणू नका. त्याऐवजी लॅपटॉप घ्या, पण तो निवडताना पुण्यातल्या मित्राचा सल्ला जरा बाजूला ठेवा. त्याला मे महिना वेगळा आणि वीजही वेगळी.

इकडे विजेला 'लाईन' म्हणतात. लाईन गेली, लाईन आली, आज लाईन कमजोर आहे. पहिल्याच आठवड्यात हा शब्द तुमच्या तोंडी बसेल. माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात, मे अखेरीस संध्याकाळी वादळ आलं. मी शाळेचा अहवाल टाईप करत होतो. डोक्यावरचा पंखा अचानक भन्नाट वेगानं फिरायला लागला, बल्ब पांढराफट्ट झाला आणि टेबलाखालून 'फट्' असा आवाज आला. खोलीभर जळक्या प्लास्टिकचा वास. शेजारचे काका अंगणातून ओरडले, "सर, मेन बंद करा! न्यूट्रल तुटला असन!" खांबावरची न्यूट्रल तार तुटली की घरात २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या आसपास दाब येऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. कॅबिनेटमधला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, जळाला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला.

लॅपटॉपचा अडॅप्टरही १०० ते २४० व्होल्टसाठीच बनवलेला असतो, तोही अशा वेळी जळेल. पण बहुतेक वेळा तो एकटाच जळतो, आतलं काम शाबूत राहतं आणि अडॅप्टर नवा मिळतो. म्हणून माझी पहिली अट अशी की लॅपटॉप टाईप-सी पोर्टवरून चार्ज होणारा हवा. ६५ वॉटचा टाईप-सी चार्जर आता तालुक्याच्या मोबाईल दुकानातही मागवून मिळतो. खास गोल पिनेचा अडॅप्टर गेला की मात्र नागपूरची वाट धरावी लागते. वीज कडाडायला लागली की अडॅप्टर भिंतीतून काढायचा, इंटरनेटची केबलही काढायची आणि बॅटरीवर काम चालू ठेवायचं. लाईन गेल्यावर इन्व्हर्टरवरही फरक पडतो. छताचा साधा पंखा ७५ वॉट घेतो. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला लॅपटॉप १५-२० वॉटमध्ये भागवतो. डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून मात्र पंख्यापेक्षा जास्त खातात.

आता उन्हाचं. २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे नऊ दिवसांचा कडक उन्हाचा काळ, लागतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेल्याच्या बातम्या तुम्ही तिकडे वाचल्या असतील, इकडे त्या अंगावर येतात. बहुतेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत वापरायचा असं गृहीत धरतात. टिनाच्या छपराखाली दुपारी दोनला तेवढी थंड खोली मिळत नाही. म्हणून प्रोसेसरच्या नावापुढचं अक्षर बघा. 'एच' असलेले जोरदार असतात, पण तापतात. शालार्थवरची पगाराची बिलं, यू-डायसवर भरायची शाळेची माहिती, प्रश्नपत्रिका आणि ऑनलाइन प्रशिक्षण एवढ्यासाठी 'यू' वर्गातला थंड डोक्याचा प्रोसेसर भरपूर झाला. गेमिंगचा लॅपटॉप स्वस्तात मिळतोय म्हणून भुलू नका.

उष्णतेचा खरा मार बॅटरीला बसतो. गरम खोलीत १०० टक्के भरून प्लगला लावून ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. दुकानातच विक्रेत्याला ती दाखवायला सांगा. उन्हाळ्यात पहाटे चार्ज करा, जड काम सकाळी नऊच्या आत उरका. कूलरच्या थेट झोतात मात्र लॅपटॉप ठेवू नका, तो झोत ओलसर असतो. पडदा चकचकीत नको, मॅट घ्या. ओसरीवर बसून काम करायचं असेल तर ३०० निट्सपेक्षा कमी उजेडाचा पडदा डोळे दुखवतो.

आणखी एक गोष्ट शहरातला कोणी सांगणार नाही. आपण कापसाच्या मुलखात राहतो. दिवाळीनंतर जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारी गिरणी, सुरू झाली की बारीक तंतू हवेत असतात. माझी खोली जिनिंगच्या रस्त्यावर होती. तिसऱ्या वर्षी लॅपटॉप फार तापायला लागला म्हणून यवतमाळला उघडून घेतला, तर पंख्याच्या तोंडाशी कापसाचा थर बसलेला. कारागिरानं चिमट्यानं तो सलग ओढून काढला, समईच्या वातीसारखा. तेव्हापासून दर मार्चमध्ये पंखा साफ करून घेतो. खालचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं ना, हे घेतानाच विचारा.

वॉरंटीच्या बाबतीत मी पोळलोय. 'घरपोच सेवा' असं पावतीवर लिहिलं होतं. कीबोर्ड बिघडल्यावर फोन केला तर उत्तर मिळालं, तुमचा पिनकोड आमच्या यादीत नाही. मग यवतमाळ, तिथून दीडशे किलोमीटरवर नागपूर, आणि तीन आठवडे हातात काही नाही. पैसे देण्याआधी पुण्याचा नव्हे, नेमणुकीच्या गावाचा पिनकोड देऊन विचारा. खरेदी नागपूरला बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) केली तर पुढची धावपळ कमी होते. तीन वर्षांची वॉरंटी मिळत असेल तर महाग प्रोसेसरचे पैसे वाचवून ती घ्या.

रॅम १६ जीबी, ५१२ जीबीची एसएसडी, यावर फार डोकं शिणवू नका. फक्त रॅम बोर्डावरच जोडलेली आहे का ते विचारा, असेल तर नंतर बहुधा वाढवता येत नाही. जुना लॅपटॉप घेणार असाल तर विंडोज ११ चालतं का ते तपासा. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल तर हात लावू नका.

डेस्कटॉपमधल्या दोन गोष्टी मात्र जरूर आणा. मॉनिटर, कारण लहान पडद्यावर मार्कांच्या याद्या भरताना मान अवघडते. त्यासाठी लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट असू द्या. आणि हार्ड डिस्क. ती काढून यूएसबी केसिंगमध्ये घातली की सगळे जुने फोटो आणि कागद सोबत येतात.

खोली भाड्यानं घेताना अर्थिंग पाहा. धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर बहुधा अर्थिंग नाही किंवा अर्थिंगची तार पुरलेला खड्डा कोरडा पडलाय. वायरमन दादांना बोलावून तपासून घ्या, अडॅप्टर तीन पिनेचा वापरा, आणि एप्रिलपासून दर दोन-तीन दिवसांनी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता.