'सीर'चं 'तीर' होतंय? आधी प्रोसेसर बघा, मग जीभ

फारसी बोलणारं, कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) असलेलं मूल 'सीर' (लसूण) म्हणायचं सोडून 'तीर' (बाण) म्हणतं. लगेच आरसा पुढे येतो, "जीभ दातांमागे, हवा सोड" सुरू होतं. तीन-तीन आठवडे तेच. मूल कंटाळतं, आई रडकुंडीला येते, स काही येत नाही. येणार कसा? कानामागच्या प्रोसेसरचा, म्हणजे यंत्राच्या बाहेरच्या भागाचा, माइक आणि त्याचं कव्हर घामाधुळीनं बुजलेलं! स चा बराचसा जोर 4000 हर्ट्झच्या वर असतो, त्यामुळे माइक बुजला की आधी तोच जातो. आ, ऊ पोचतात. म्हणून हाक मारली की मूल वळतं आणि घरचे म्हणतात, "मशीन तर चालू आहे की!"

स्पीच थेरपीआधी रोज 'लिंग' (Ling) या तज्ज्ञाच्या नावानं ओळखली जाणारी सहा आवाजांची चाचणी घ्या: म, ऊ, आ, ई, श, स. मुलाच्या मागून, एक मीटरवरून, क्रम बदलत; आवाज ऐकू आला की मुलानं एक ठोकळा टाकायचा. मध्येच गप्पही राहा, नाहीतर मूल नुसतं तालावर ठोकळे टाकतं. श कळला, स चुकला? कव्हर बदला, बॅटरी बदला, पुन्हा बघा. तरीही नाही, तर मॅपिंगसाठी (यंत्राची सेटिंग जुळवायला) ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे. चाचणी दोन मिनिटांचं काम आहे. तेवढाही धीर नसेल तर आरसा काढूच नका.

मुलानं ओठ वाचू नयेत म्हणून तोंडावर हात धरू नका, स हातातच अडकतो. इम्प्लांटच्या बाजूला, शेजारी बसा.

दुसरा वैताग पुस्तकी फारसीचा. चित्रात नान, मूल म्हणतं 'नून', की कागदावर फुली. अहो, तेहरानात घरोघरी नूनच म्हणतात! 'दस्त' (हात) बोलताना 'दस' होतो, तोही मोठ्यांच्याच तोंडी. चित्रं आधी आईला दाखवा. ती म्हणेल तो नमुना. इराणमधल्या अफगाण घरांत तर हे हवंच. इराणी फारसीत सिंहही 'शीर' आणि दूधही 'शीर', आपल्या शीरखुर्म्यातलं. दरी बोलीत, म्हणजे अफगाणिस्तानातल्या फारसीत, मात्र सिंह 'शेर'. तो 'सुधारायला' गेलात तर चांगला उच्चार मोडाल.

वय वाढदिवसावरून धरू नका. मूल पाच वर्षांचं, मशीन दोन वर्षांपूर्वी सुरू झालं, तर ऐकण्याचं वय दोन. दोन वर्षांच्या पोराकडून कुणी स्वच्छ र मागतं का?

आणि टिपणं देवनागरीत लिहीत असाल तर नुक्ता (अक्षराखालचा टिंब) द्या. 'जंग' म्हणजे युद्ध, 'ज़ंग' म्हणजे घंटा. आपल्या ज ला दोन्ही उच्चारांची सवय, त्यामुळे मूल नेमकं काय म्हणालं होतं ते महिन्याभरानं तुम्हालाच कळत नाही.